तोफ डॉक्टरांचा कान

फौजेतून निवृत्त होऊन डॉक्टर गावात आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक, एक बायको आणि अर्धा कान होता. दिसायला दोन्ही कान जागच्या जागी होते, पण डावा पार कामातून गेला होता आणि उजव्याला मूड असला तर ऐकू यायचं. झालं होतं असं, की सीमेवर एका जवानाचं बोट तोफेत चेमटलं. डॉक्टर तिथेच, तोफेला खेटून, त्याला पट्टी बांधत बसले. तेवढ्यात तोफ डागायचा हुकूम सुटला. बाकीच्यांनी आपापल्या कानांत बोटं घातली. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत त्या जवानाचं बोट होतं.

सायकलच्या दुकानाशेजारी त्यांनी दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. बाहेर बाकडं, आत तपासणी, आणि मध्ये छताला न पोचणारी प्लायवूडची भिंत. खिडकीशी बसून बायको औषधं द्यायची. पेशंट आत जाऊन कुजबुजायचा आणि डॉक्टर परेडच्या मैदानावर असल्यासारखे विचारायचे, "काय? जुलाब? पातळ की घट्ट?"

बाकड्यावर माना डोलायच्या. पातळच असणार, असं वाटलंच होतं. हळूहळू धडधाकट माणसंही विणकाम घेऊन बाकड्यावर येऊन बसू लागली. सगळे त्यांना तोफ डॉक्टर म्हणायला लागले.

"अहो, जरा हळू बोला," बायको म्हणायची.

"हळूच बोलतोय की!" डॉक्टर गरजायचे आणि शेजारच्या दुकानातल्या सायकलची घंटी किणकिणायची.

एकदा नगराध्यक्ष तोंडाला रुमाल गुंडाळून मागच्या दाराने आले. डॉक्टरांच्या उजव्या कानाशी वाकून काहीतरी बोलले.

"मूळव्याध? मग रुमाल तोंडाला कशाला, अध्यक्षसाहेब? वळा! मला दुसरं टोक बघायचंय!"

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नव्या टाकीपाशी नगराध्यक्ष भाषणाला उभे राहिले. मागून कुणीतरी अगदी काळजीच्या सुरात म्हणालं, "साहेब, बसून बोला ना!" सभा अशी हसली, की भाषण तिथेच आटोपलं.

आठवडाभरात नगराध्यक्षांनी मोठ्या शहरातून कानाचं मशीन आणलं. डॉक्टर संकोचले. "अहो, माझ्यासाठी एवढं कशाला?"

"तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आणलंय," नगराध्यक्ष म्हणाले.

मशीन कानात गेलं आणि डॉक्टर दचकून वर बघायला लागले. "हा पंखा कधीपासून रडतोय?"

"घेतल्यापासून," बायको म्हणाली.

स्वतःचा आवाज ऐकून तर त्यांना लाजल्यासारखं झालं. ते एकदम मऊ बोलू लागले, आणि घोटाळा तिथेच झाला. बेकरीवाला खोकला घेऊन आला होता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हलकेच म्हणाले, "काही नाही हो. घसा धरलाय. गुळण्या करा."

बेकरीवाल्याचं धाबं दणाणलं. या माणसाने मोडलेला पायसुद्धा ओरडून सांगितला होता, आणि आज आवाज खाली? म्हणजे आपला कारभार आटोपला. तो घरी जाऊन अंथरुणावर पडला आणि भट्टी थोरल्याला, दुकान धाकट्याला देऊन मोकळा झाला. दोन्ही मुलं भट्टीवरून भांडायला लागली. बेकरीला कुलूप लागलं आणि गाव पावाविना राहिलं.

संध्याकाळी डॉक्टर स्वतः त्याच्या घरी गेले. "वहिनी, यांना काहीही झालेलं नाही," ते समजुतीने म्हणाले.

बेकरीवाल्याच्या बायकोने हंबरडा फोडला. "किती हळू सांगतायत हो!"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग मशीन काढून खिशात टाकलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "गुळण्या कर म्हटलं ना, गाढवा! ऊठ!"

बेकरीवाला ताडकन उठून बसला. "हां, आता बरं वाटलं," म्हणाला आणि कणीक मळायला गेला.

तेव्हापासून डॉक्टर दुखणं मशीन लावून विचारत आणि धीर मशीन काढून देत. बाकड्यावर नुसतं "काही झालेलं नाही!" एवढंच ऐकू यायचं. विणकामवाल्या मंडळींनी हिरमुसून आपापल्या घरचा रस्ता धरला.

घरात मात्र डॉक्टरांना वेगळाच शोध लागला. आमची ही काम करताना गाणं गुणगुणते, असं ते मित्रांना मोठ्या कौतुकाने सांगत आले होते. नुसते ओठ हलताना दिसत, सूर त्यांनी मनानेच लावला होता. आता शब्द कळले. गाणं त्यांच्यावरच होतं, आणि कडवी पुष्कळ होती; एक तर त्यांच्या थोरल्या बहिणीवर होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पोट धरून हसले. बायको मात्र त्या दिवसापासून गप्पच झाली. भाजी चिरताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असत आणि जेवण अळणी होऊ लागलं.

चार-पाच दिवसांनी ती हात पुसत बाहेर आली आणि तळहात पुढे केला.

"अहो, मशीन द्या इकडे."

"का गं?"

"मला जरा गुणगुणायचंय."

डॉक्टरांनी मुकाट्याने मशीन तिच्या हातावर ठेवलं आणि समोर मटार सोलायला बसले. गाण्याची सुरुवात त्यांच्या थोरल्या बहिणीपासून झाली असावी, कारण बायकोने भाजीवर सुरी जरा जास्तच जोरात चालवली.