देवघरातले दोन बल्ब

आमच्या आईला गाडी लागते. एसटी लागते, टॅक्सी लागते, आणि माझ्या मेहुण्याची नवीकोरी मोठी गाडी तर सोसायटीच्या गेटातून बाहेर पडायच्या आत लागली. लागत नाही ती फक्त आमची जुनी गाडी. बायकोचं म्हणणं असं, की आमच्या गाडीचा एसी कधीचा बंद पडलाय आणि काचा कायम उघड्या असतात, म्हणून. आईचं म्हणणं वेगळं. ही गाडी घरची आहे, घरचं माणसाला कशाला लागेल?

ही घरची गाडी यंदा पंधरा वर्षांची झाली. म्हणजे तिला आरटीओच्या इन्स्पेक्टरपुढे उभं करून पास करून घ्यायचं, नाहीतर भंगारात काढायची. आणि या तपासणीनंतर दहा दिवसांनी साताऱ्याकडे आमच्या गावची जत्रा होती. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. जन्मभर पाठीवर कांद्याची पोती वाहिली, पण जत्रेच्या पालखीला घरचा नारळ द्यायला एक वर्ष चुकले नाहीत. ते गेल्यापासून तो नारळ घेऊन आई जाते, गाडीत वडिलांच्या जागेवर, माझ्या शेजारी बसून. गाडी नापास झाली तर नारळ चुकणार, एवढा साधा हिशेब होता. आईने तो बोलून दाखवला नाही. तिने फक्त महिनाभर आधी पिशवी भरून पलंगाखाली ठेवली.

गाडीचं इंजिन ठणठणीत होतं. अडचण दिव्यांची. हेडलाइटचा उजेड इतका मरतुकडा, की संध्याकाळी सानपाड्याच्या पुलाखालून येताना समोरचे लोक मलाच अप्पर-डिपर मारून दिवे लाव म्हणून सांगायचे. मी स्वभावाने उतावळा. बल्ब म्हातारे झाले असं मी ठरवलं आणि दोन नवे हॅलोजन बल्ब घेऊन आलो.

पार्किंगमध्ये खालच्या मजल्यावरचे चाचा भेटले. चाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. रबाळ्याला त्यांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवलं, आता मुलगा चालवतो. मुलगा दुकान अकराच्या आत उघडत नाही, आणि चाचांचा रक्तदाब सगळा त्या अकरा वाजण्यावर अवलंबून आहे. त्यांनी माझ्या हातातलं खोकं बघितलं, मग वाकून हेडलाइट बघितला.

"अरे बाबा, बल्ब काय करेल? काच बघ तुझी. पिवली झालीय पार. आतून सूर्य लावलास तरी उजेड बाहेर नाय येयाचा."

चाचा म्हणतात म्हणजे खरंच असणार, पण बल्ब आणून झाले होते. शिवाय दुकानदारासमोर परत जायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि ती सवय मला नाही. म्हणून दोन्ही करायचं ठरलं, आधी काच साफ करायची, मग बल्ब बदलायचे.

काच कसली, ते प्लास्टिकच. पण सगळे काच म्हणतात. त्याच संध्याकाळी मी मोबाइलवर बघून टूथपेस्टने घासायला घेतलं. घरात एकच टूथपेस्ट होती, बायकोच्या दुखऱ्या दातांची. अर्धी ट्यूब एका दिव्यावर गेली. दिवा जरासा उजळला आणि सकाळी पुन्हा होता तसा झाला. बायको ब्रश हातात घेऊन गॅलरीत आली आणि म्हणाली, "तुझ्या गाडीच्या दातांचं टेन्शन मिटलं असेल तर माझ्या दातांचं बघशील का?" मी गाडीखाली काहीतरी बघायचं असल्यासारखा वाकलो.

रविवारी चाचांनी पॉलिश पेपर आणून दिला, तीन प्रकारचा, आधी खरखरीत आणि मग मऊ होत जाणारा. हेडलाइटच्या कडेने रंगाला चिकटपट्टी लावली, पाण्याची बादली घेतली आणि मी घासायला बसलो. आई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून देखरेख करत होती. जन्मभर तांब्यापितळ घासलेल्या बाईसमोर काहीही घासायला बसू नये.

"आरं, गोल गोल काय फिरवतुयास? सरळ घास. येकदा आडवं, येकदा उभं. आन पानी घे की, कोरडं काय घासतुयास."

"आई, हे भांडं नाहीये."

"मंग काय हाय?"

चाचा म्हणाले, "भाभी बरोबर बोलतायत." मी आडवं-उभं घासायला लागलो.

पहिला कागद संपला तेव्हा पिवळेपणा गेला होता, पण दिवा पांढराफटक झाला होता, ताक लावल्यासारखा. आधी निदान थोडाफार उजेड यायचा, आता तोही गेला असं वाटलं. मी कागद बादलीत फेकला आणि यापुढे कुणाचंही ऐकणार नाही असं जाहीर केलं. चाचांनी शांतपणे कागद बादलीतून काढून दुसरा माझ्या हातात दिला. दुसऱ्याने पांढरेपणा कमी झाला, तिसऱ्याने अजून कमी झाला, आणि शेवटी पॉलिश लावून फडका फिरवल्यावर आतली तार दिसायला लागली. वर उन्हापासून राखणाऱ्या पारदर्शक लेपाचा एक हात मारला. मग मी दोन पावलं मागे जाऊन बघत राहिलो. गाडी एकदम जागी झाल्यासारखी दिसत होती, आणि मला स्वतःचा फारच अभिमान वाटला.

"आता बल्ब," चाचा म्हणाले. "एक गोष्ट ध्यानात ठेव. बल्बच्या काचेला बोट नाय लावायचा. बोटाचा तेल लागला की तिथंच तापतो आन बल्ब गेला. खालच्या पत्र्याला पकडायचा, फक्त पत्र्याला."

मी मान डोलावली. आईनेही डोलावली आणि "म्या जाते वर," म्हणून गेली.

हात धुऊन दहा-पंधरा मिनिटांनी मी बल्ब आणायला वर गेलो, तर टेबलावर खोकं रिकामं. बल्ब देवघरात होते. तांब्याच्या ताम्हनात, तांदळाच्या चार दाण्यांवर, एकमेकांकडे तोंड करून दोघे पहुडले होते. दोघांनाही कुंकू लावलेलं. समोर निरांजन. आई हात जोडून उभी.

आमच्याकडे ही जुनी रीत. नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची नाही. मिक्सर झाला, माझा मोबाइल झाला, बायकोचं ऑफिसचं पाकीटसुद्धा झालं. पण हॅलोजनचे बल्ब! माझं डोकंच फिरलं.

"आई! अगं आत्ताच चाचा काय म्हणाले? हात लावायचा नसतो याला! कुंकू काय लावतेस!"

"आरं, म्या पत्र्..."

"तू काही बोलू नकोस!"

मी एक बल्ब उचलला आणि बनियनच्या टोकाने, अंगठ्याने, खसाखसा पुसून त्याचं कुंकू काढलं. दुसऱ्याकडे हात नेला, तर तोवर आईने तो उचलून खोक्यात घातला होता आणि झाकण लावलं होतं. हातातला बल्ब आणि ते खोकं घेऊन मी तरातरा खाली उतरलो, कारण मी रागावलो होतो आणि मला रागावलेलंच राहायचं होतं.

बल्ब बसवणं हा वेगळा छळ. उजवा सोपा होता. डाव्याच्या मागे बॅटरी, आणि मधल्या फटीत फार तर एखाद्या पोराचा हात जाईल. रबराची टोपी काढायची, तारेची कडी सोडवायची, जुना बल्ब ओढायचा, नवा त्याच्या खाचांत बसवायचा, आणि हे सगळं न बघता. माझा हात मनगटाशी अडकला. पाच मिनिटं मी गाडीच्या तोंडात हात घालून उभा होतो आणि ए विंगच्या सेक्रेटरी बाई मला पार्किंगचे नियम समजावत होत्या. शेवटी कडी बसली. दोन्ही दिवे लागले. समोरच्या भिंतीवर असा लख्ख उजेड पडला की चाचांनी चक्क टाळी वाजवली. जुने बल्ब मी वर आल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकले.

तीन दिवस सगळं छान चाललं. गुरुवारी साडेदहाला इन्स्पेक्टरसमोर जायचं होतं. सकाळी नऊला मी खाली जाऊन दिवे लावले. उजवा लागला. डावा लागला नाही.

मी वर आलो आणि दारातूनच सुरू झालो. "झालं समाधान? गेला बल्ब! तुझ्या कुंकवानं गेला! आता भंगारात जाईल गाडी, मग कशी जातेस जत्रेला बघू!"

बायको स्वयंपाकघरातून "अरे!" म्हणाली. आई आत गेली, पलंगाखालची पिशवी ओढली आणि तिच्यातलं एक एक लुगडं काढून कपाटात ठेवायला लागली. मला बघवेना. मी खाली पळालो.

चाचांना बोलावलं आणि आईच्या कुंकवाचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांचा हात बारीक, त्यांनी डावा बल्ब दोन मिनिटांत काढला आणि उजेडात धरला. काचेवर एका जागी काळा, फुगीर डाग पडला होता. मधल्या रेषासुद्धा दिसत होत्या. सरळसरळ अंगठा होता तो.

"हा अंगठा कुणाचा?" चाचांनी विचारलं. "भाभींचा एवढा मोठा नाय." मग त्यांनी पत्रा फिरवून बघितला. "आन कुंकू कुठाय?"

कुंकू नव्हतं. ते मी पुसलं होतं, काच अंगठ्याने दाबून धरून. चाचांनी उजव्याची टोपी काढून मला आत बघायला सांगितलं. तिथे बल्बच्या पत्र्यावर, काचेपासून चांगलं लांब, बारीकसं कुंकवाचं बोट होतं. तिने पत्र्यालाच लावलं होतं. चाचांचं सांगणं दोघांनी ऐकलं होतं आणि पाळलं फक्त तिने.

मला फार लाज वाटली. तरी तोंडातून काय निघालं, तर "चाचा, वर काही सांगू नका." चाचा माझ्याकडे बघून नुसते हसले. मग घड्याळाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "बाकीची दुकानं साडेदहाच्या आत नाय उघडत, आन आपला दुकान अकराला उघडेल," ते म्हणाले आणि मुलाबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मी वर गेलो. आई पलंगावर बसली होती. पिशवी अर्धी रिकामी.

"नवा बल्ब अकराच्या आत मिळणार नाही," मी भिंतीकडे बघत म्हणालो.

"जुनं कुठं हायत?"

"टाकले."

"म्या काडून ठिवल्यात," आई म्हणाली. "चालू वस्तू कचऱ्यात टाकतोस व्हय?" तिने बटणं, दोरे, जुन्या किल्ल्या असलेला आपला पत्र्याचा डबा उघडला. वडिलांच्या हातरुमालात जुने दोन्ही बल्ब गुंडाळलेले होते. तिने त्यातला एक काढला, पत्र्याला धरून, आणि माझ्यापुढे केला.

मी तो घेतला, पत्र्यालाच धरून. पण निघालो नाही. देवघराशी गेलो आणि कुंकवाचा करंडा तिच्यापुढे धरला. "लाव," म्हटलं. माफी मागणं मला जमत नाही, एवढंच जमतं.

तिने करंगळीने पत्र्याला कुंकू लावलं. "जा आता. उशीर हुईल," म्हणाली. मी जिन्यात असताना पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

इन्स्पेक्टरने दिवे बघितले, अप्पर बघितलं, डिपर बघितलं. "डावा जरा पिवळट आहे," म्हणाला. मग तो वाकून काचेकडे बघत म्हणाला, "काचा मात्र छान ठेवल्यात." गाडी पास झाली.

दहा दिवसांनी आम्ही निघालो. आई माझ्या शेजारी, मांडीवर नारळ. पनवेल मागे पडलं तरी त्या अंगठ्याबद्दल मी एक अक्षर काढलं नव्हतं आणि आपलं झाकलं गेलं याचं मला समाधान होतं. पुढे बोगदा आला. मी दिवे लावले.

"दोन्ही लागलं का?" आईने विचारलं.

"लागले."

"लागनारच." तिने नारळ नीट धरला. "दोन्ही माझं हायत. तुझा येकच हुता, त्यो गेला."