गुरुजी चहा पिऊन आलेत

भिवाजी गुरुजींचा विश्वास कोणावरच नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. गुरुजी फुंकून झालं की वर पद्माबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला विचारायचे, "हे ताकच हाय ना?" हिंगोलीला जायचं असलं की एस.टी. कधीची, हे तिघांना वेगवेगळं गाठून विचारायचे, आणि तिघांचं उत्तर एकच आलं की त्यांना जास्त संशय यायचा. तिघं एकच सांगतात, म्हणजे आधी बसून ठरवलेलं दिसतंय! अशा माणसाला सरकारनं हेडमास्तर करून धाडलं होतं, तेही साखरा गावाच्या पलीकडं टेकड्यांच्या आड असलेल्या एका गावात, जिथं ज्वारी पिको न पिको, पोरगं शाळेत का आलं नाही याची कारणं बारमाही पिकायची.

आता संशय काही आभाळातून पडत नाही. निजामाच्या राज्यात भिवा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याची जागा उंबऱ्याच्या बाहेर, भिंतीकडं तोंड करून. मास्तर लांबूनच पाटी बघायचा. पहिल्या परीक्षेत भिवाची सगळी गणितं बरोबर आली, तर मास्तर म्हणाला, "कोणाचं बघून लिहिलंस?" बाहेर एकटं बसलेलं लेकरू भिंतीचं बघून लिहिणार होतं का? पण त्याला उन्हात उभं करून सगळ्यांच्या देखत पुन्हा गणितं घातली. पुन्हा सगळी बरोबर. मग मास्तरला नवाच संशय आला, की ह्याला घरी कोण शिकवतं. घरी शिकवायला होतं कोण? बाप लोकांच्या शेतावर, आई सरपणाला.

त्या दिवसापासून भिवा प्रत्येक गणित दोनदा करायला शिकला, आणि माणसंही दोनदा तपासायला.

निजाम गेला, उर्दूत शिकलेला भिवाजी मराठी शाळेवर मास्तर झाला. पहिल्या नोकरीच्या गावी एका घरून चहाचं बोलावणं आलं. धुतलेली टोपी घालून, मोठ्या आनंदानं गेला बिचारा. चहाही झकास होता. पिऊन झाल्यावर घरची बाई गोड आवाजात म्हणाली, "मास्तर, कप तेवढा विसळून वळचणीला खोचून ठिवा. तुमच्या लोकांचा तिथंच असतो." भिवाजीनं कप विसळला. छपराच्या वळचणीला खोचला. घरी आला तो जेवला नाही, आणि पद्माबाईंना काही सांगितलंही नाही. त्यांनी काय ते ओळखलं.

पुढं छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, घरातले जुने देव गेले, बुद्धाची तसबीर आली. मनातली ती वळचण मात्र गेली नाही. कोणीही, कुठंही, कितीही प्रेमानं विचारलं, "गुरुजी, चहा घेता का?" की उत्तर तयार असायचं, "पिऊन आलो." न प्यालं की कप कुठला निघतो ते कळायचा प्रश्नच नाही.

आणि ह्या गावात तर त्यांना रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात जावं लागायचं. हजेरी झाली, एखादं पोरगं दिसलं नाही, की मधल्या सुट्टीत गुरुजी निघालेच. दारात आई म्हणायची, "मामाच्या गावाला गेलंय." गुरुजी ओसरीवर नजर टाकायचे. पोरगं मामाकडं गेलं आणि वहाणा इथंच? मग ते कणगीकडं तोंड करून खणखणीत आवाजात विचारायचे, "बारा नव्वे?" पाढ्यांची सवय लागलेलं कार्टं कणगीच्या आतून ओरडायचं, "अष्टोदरसे!" आणि कान धरून शाळेत जायचं. गाव त्यांना 'संशी मास्तर' म्हणायचं, शिव्या घालायचं, आणि घाबरायचंही. बाहत्तरच्या दुष्काळात मोठी पोरं खडी फोडायला गेली, तर हा माणूस फळा डोक्यावर घेऊन खडीच्या ढिगापाशी हजर! मुकादम म्हणाला, इथं लेकरं न्हाईत. गुरुजी म्हणाले, ढिगाच्या मागून खोकून कोण राहिलं? आणि संध्याकाळी तिथंच शाळा भरवली. त्या गावातून पुढं कंडक्टर झाले, तलाठी झाले, मास्तर झाले. विश्वास ठेवला असता तर एकही झाला नसता.

सगळ्यात जास्त चकरा त्यांनी मारल्या त्या शालूबाईच्या घरी. शालूबाई आणि ग्यानोबा, बेताची शेती, आणि त्यांची चांगुणा म्हणजे शाळेतली सगळ्यात हुशार पोरगी. कापूस फुटला की चांगुणा गायब. "ताप आलाय," शालूबाई म्हणायची. गुरुजी म्हणायचे, "ताप आलेल्या पोरीच्या परकराला सरकी चिकटत न्हाई, बाई." सातवीच्या परीक्षेआधी तिचं लग्न ठरवायला पाहुणे येणार, असा वास त्यांना लागला. त्या दिवशी ते सकाळपासून शालूबाईच्या ओसरीवर जाऊन बसले आणि पाहुण्यांनाच पाढे विचारू लागले. पाहुणे गेले ते परत आले नाहीत. शालूबाई तेव्हा आदळआपट करत होती, पण चांगुणा पास झाली, शिकत गेली, आणि आता हिंगोलीच्या दवाखान्यात नर्स होती. तेव्हापासून गुरुजी दिसले की शालूबाई हातातलं काम टाकून विचारायची, "गुरुजी, चहा घेता का?"

"पिऊन आलो."

घरी आले की पद्माबाईंकडं चहा मागायचे. पद्माबाई आधण ठेवता ठेवता टोमणा मारायच्या, "सगळ्या गावात पिऊन आले, तरी पोट भरलं न्हाई व्हय?"

शहात्तर साली गुरुजी निवृत्त झाले. शाळेत सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. शाल नवीच आहे ना, हे गुरुजींनी उजेडात धरून बघितलं. भाषणं झाली. 'गुरुजी आमच्या घरातलेच' असं जो तो म्हणत होता. ऐकता ऐकता गुरुजींच्या मनात आलं, घरातलेच तर खरं, पण कोणत्या दारापर्यंत?

रात्री पद्माबाई म्हणाल्या, "जलमभर लोकायचं खोटं धरलं तुमी. तुमचं एक खोटं मातर कोणी धरलं न्हाई. जाऊन या एकदा. एका घरी तरी प्या."

"आन् कप वेगळा निघाला तर?"

"तर कळंल. पोरायला सांगायचे ना, चुकलं तरी चालंल, पण कोरा पेपर देऊ नका म्हणून?"

गुरुजींना झोप आली नाही. कुठल्या घरी जायचं हे सांगायलाच नको होतं. दुसऱ्या कोणी वेगळा कप दिला असता तर ते म्हणाले असते, हे असंच असणार, मला ठाऊकच होतं. पण शालूबाईनं दिला, तर मग इतक्या वर्षांची ही पायपीट कशासाठी केली? ज्या घरच्या लेकीसाठी आपण जीव टाकला, त्या घरातही आपण वळचणीचेच असलो तर? त्यांना भीती वाटत होती. शाळा तपासायला साहेब आला तेव्हाही अशी कधी वाटली नव्हती.

सकाळी ते गेले तेव्हा शालूबाई ओसरीवर दाळ पाखडत होती. ग्यानोबा आत होता. गुरुजींचा आवाज ऐकताच मागचं दार वाजलं आणि ग्यानोबा पसार झाला. ते साल नसबंदीचं होतं. माणसं आणून द्या म्हणून मास्तरांवर हुकूम सुटला होता, आणि मास्तर दारात दिसला की गावातले बाप्ये मागच्या दारानं शेत गाठत. गुरुजी आता निवृत्त झालेत, हे ग्यानोबाला ठाऊक होतं. पण विश्वास कोणी ठेवावा?

"बसा, गुरुजी. चहा घेता का?" शालूबाईनं सवयीनं विचारलं आणि सूप पुन्हा हलवायला घेतलं.

"ठिवा," गुरुजी म्हणाले.

सूप थांबलं. शालूबाईनं आपण बरोबर ऐकलं का, म्हणून वर बघितलं. मग लगबगीनं आत गेली. इतकी वर्षं हा माणूस नाहीच म्हणतो, म्हणून ती निर्धास्तपणे विचारत आली होती की काय, असं गुरुजींना वाटलं. त्यांनी कान टवकारले. बसल्या जागेवरून चूल दिसत होती आणि चुलीवरची फळीही. फळीवर घरातले कप पालथे घातलेले. शालूबाईनं आधण ठेवलं, शेळी पिळून आणली, हे सगळं ठीक. पण मग ती फळीकडं गेलीच नाही. आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली. पेटीचं झाकण वाजलं. काहीतरी उचकल्याचा आवाज आला. काहून? कप समोर असताना ही आत काहून गेली?

झालं, गुरुजी मनात म्हणाले. निकाल लागला.

शालूबाई बाहेर आली ती निळ्या फुलांचा कप आणि बशी घेऊन. पदरानं पुसलेला, कोरा करकरीत. कान शाबूत. तिनं तो त्यांच्या हातात दिला, हातातच दिला, खाली ठेवला नाही, हेही त्यांनी टिपलं. त्यांनी घोट घेतला. तोंड कडू झालं. काही न बोलता त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. अर्धा कप संपला आणि मग त्यांच्यानं राहवेना.

"शालूबाई, हा कप वेगळा हाय का?"

"व्हय!" शालूबाईचा चेहरा फुलला. "वेगळाच हाय. चांगुणा पास झाली न्हाई का, त्याच साली जवळा गावच्या बाजारातून आणला. तुमच्यासाठी. आजपस्तोर कोणाला हात लावू दिला न्हाई. आमच्या घरात इतका चांगला कप दुसरा न्हाई, गुरुजी."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी माणसं गुरुजींना दुरून कळत. हिनं खरंच हौसेनं आणला होता, जीव लावून जपला होता. आणि तरीही तो वेगळाच होता. ह्याचं काय करावं, ते त्यांना कळेना. रागवावं तरी पंचाईत, न रागवावं तरी पंचाईत.

"फळीवरचे कप होते की," ते हळूच म्हणाले.

"ते..." शालूबाई अडखळली. "ते घरच्यांचे हायत."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ती मान खाली घालून दाळीतले खडे वेचू लागली. गुरुजींनी कप तिच्यासमोर सरकवला. वर्गात बिघडलेलं गणित पुन्हा करायला सांगताना त्यांचा जो आवाज लागायचा, तोच लागला.

"उरलेला तुमी घ्या."

शालूबाईनं आधी दाराकडं बघितलं, मग गल्लीकडं, मग कपाकडं. गुरुजी वाट बघत राहिले. घाई करून उत्तर येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तिनं कप उचलला. डोळे मिटून, औषध घेतल्यासारखा तिनं एक मोठा घोट घेतला. आणि तिचे डोळे खाड्कन उघडले.

"आगं माय! यात साखरच न्हाई की! घाईघाईत टाकायचीच राह्यली!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "आन् तुमी अर्धा कप पिऊन बसले? काहून बोल्ले न्हाई, गुरुजी?"

गुरुजींनी टोपी काढली, हातात धरली.

"मला वाटलं," ते म्हणाले, "आमाला असाच देत असतील."

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. ती उठली, नाक पुसत आत गेली, पुन्हा आधण ठेवलं, साखरेचा डबा आधी काढून चुलीजवळ घेतला. मग तिनं फळीकडं हात केला. ती घरच्यांचेच कप काढते ना, ते गुरुजी बसल्या जागेवरून मान उंच करून बघत होते.