मनीचं पाप

काल माझे धाकटे दीर काशीहून आले. ओट्यावर गंगाजलाची बाटली ठेवून म्हणाले, "वैनी, तुमच्या त्या मांजराचं पाप पण धुऊन आलो." मी चहा टाकला, पण डोळ्यांपुढे धसईच्या घराचं अंगण आलं.

टेम्पोखाली आलेली आमची म्हातारी मनी तिथे गोणपाटावर पडली होती. जन्मभर भाताच्या कणगीपाशी उंदीर फिरकू न देणारी ती, कमरेखाली पार चेंदामेंदा झालेली. मुरबाडहून आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून बघू, पण या वयात हालच होतील. इंजेक्शन दिलं तर सुटेल. ठरवा."

सासूबाई कळवळल्या. "मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहायला लागतं गो!"

"मारायचं कशाला?" दीर म्हणाले. "गोणीत घालून ओढ्यापलीकडं सोडू. मरंल तिच्या मरणानं. आपल्याला पाप नाय."

म्हणजे कोल्ह्यांनी फाडली तर पाप कोल्ह्यांचं!

"मग भाऊजी, तुमीच भरा गोणीत," मी म्हटलं. ते लुंगी सावरत मागे सरले. मी मनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना हो म्हटलं. तिने एकदा माझ्या मांडीत नखं रुतवली, मग सोडली.

तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं पापाला भितात. खरं तर भाऊजींना फक्त लुंगीला रक्त लागायला नको होतं.

"मग सोन्याचं मांजर वाहिलंत?" मी चहा देताना विचारलं.

"छे! पिठाचं पण चालतं म्हणे."

मी बाटली त्यांच्याच पिशवीत परत ठेवली.