हात सरळ ठेवा

त्या डॉक्टरीणबाईंचं नाव मी विचारलं नाही. एकदाच भेटल्या. माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं मांस झडून खळगा पडला होता, केळीचा घडही धरवेना. मी म्हटलं, "बाई, ताकदीची सुई द्या, जाऊ द्या घरी."

"कशाची सुई, बाबा? नस मानेत दबली, मनगटात की कोपरात, की दुसराच काही आजार, ते आधी कळू द्या."

त्यांनी माझी मान वळवून पाहिली, मनगट दाबलं, चिमटीत कागद धरायला लावून ओढला. सारा वेळ माझा हात त्यांच्या हातात. बायको गेल्यापासून असा कोणी धरला नव्हता. कोपरावर टिचकी मारली तशी करंगळीपर्यंत झिणझिण गेली.

"हात दुमडून डोक्याखाली घेता का?"

"घेतो ना. बायको वारली, तेव्हा रीतीप्रमाणे तिचं अंथरूण तापीच्या घाटावर देऊन टाकलं. उशी दोघांत एकच होती, तीही गेली."

बाईंनी माझं कोपर हळूच सरळ केलं. मग म्हणाल्या, "नस कोपरातच दबलेली दिसते. नसेची तपासणी करून पक्कं करू. तोवर हात सरळ ठेवून झोपा."

आता सरळ ठेवतो. सरळ केला की तो तिच्या जागेवर जातो. तिथं सतरंजी गार लागते.