सेवजिदच्या घरातलं पाण्याचं पिंप

सेवजिद माझी शेजारीण. गोबीच्या वाळवंटातली शेजारीण, म्हणजे हाक मारली तर वाऱ्यातच विरून जाईल इतकी लांबची. मी पुरेव. वयानं तिच्याहून वीस वर्षांनी लहान आणि तोंडानं दुप्पट मोठी, असं तीच म्हणायची.

तिची नजर दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. हे तिला ठाऊक आणि मला. तिच्या मुलानं, गलसाननं, शहरातून येऊन बजावून ठेवलं होतं, "आई, तुला दिसेनासं झालं ना, की त्याच दिवशी हे घर उतरवून ट्रकात टाकीन." शहरातल्या फ्लॅटचं नाव काढलं की म्हातारीला घाम फुटायचा. तिच्या धाकट्या बहिणीला पोरांनी असंच नेलं होतं. सहावा मजला, बाहेरून कुलूप. चार वर्षं बाईचा पाय मातीला लागला नाही, मग मेली.

म्हणून सेवजिद लपवायची. आमच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल तंबूघरात आंधळ्या माणसालाही ते जमतं. दार दक्षिणेला, मधोमध चूल, आत शिरल्यावर उजवीकडे बायकांचं सामान, डावीकडे पुरुषांची खोगिरं. कुणाच्याही घरी जा, हेच. इकडचं तिकडे करायची कुणाची छाती नाही. दाराशी उजवीकडे पाण्याचं पिंप, चुलीला लागून सुक्या शेणाची पेटी. म्हातारी चहा ओतायची तर थेंब सांडायचा नाही. पाणी मी भरायचे, शेळ्या माझ्या कळपाबरोबर चरायच्या. कोणती कुठली ते ती कानाला खुणेसाठी दिलेला काप चाचपून सांगायची. आणि चुकलीच कुठं, तर "डोळ्यांत वाळू गेली गं," म्हणायची. वसंतात यावर कुणी पुढं विचारत नाही. आमचा वसंत म्हणजे पिवळं आभाळ, हाडं वर आलेली जनावरं आणि दाताखाली कचकच.

यंदा शेळ्या विंचरायला गलसान आणि त्याची बायको सोलोंगो आली. लोकर न्यायला ट्रक आणला होता. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी सोलोंगो माझ्या शेजारी शेळी आडवी पाडून विंचरायला बसली आणि गोड आवाजात म्हणाली, "काकू, आई सांगत होत्या, तुमच्या हाताला लोकर फार चिकटते म्हणे. गेल्या वर्षी पोतं कमी भरलं."

माझं डोकंच फिरलं. "कोण म्हणालं? तिनं पाहिलं? कुठल्या डोळ्यांनी गं? समोर उंट उभा केला तरी दिसत नाही तिला!"

बोलून गेले. सोलोंगोचा हात थांबला नाही. "अस्सं," एवढंच म्हणाली. मेलीनं नुसता खडा टाकून पाहिला होता. म्हातारी असलं काही बोललीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

दुपारी सेवजिद नव्या करडाला पाजायला बाहेर गेली. तेवढ्यात सोलोंगो आत शिरली. तिनं पिंप ओढून खोगिरांकडे नेलं, शेणाची पेटी त्याच्या जागी सरकवली आणि डाव वर ठेवून दिला. मी दारातून पाहत होते. म्हातारीला एक हाक मारली असती तर भागलं असतं. पण राग उतरला नव्हता. म्हटलं, बघू दे जरा मजा.

सगळे आत बसले. "आई, चहा टाका ना, तुमच्या हातचा," सोलोंगो म्हणाली.

म्हातारी खुशीत उठली. डाव उचलून तिनं पिंपाच्या नेहमीच्या जागी बुडवला. खर्रकन आवाज झाला. तिचा हात तसाच राहिला.

"चूल मंदावली होती ना, म्हणून," ती हसून म्हणाली. चूल धडाडून पेटली होती. मग ती पाणी शोधू लागली. उजवीकडे हात, पुढं हात, खाली हात. वाटेतल्या करडाच्या टोपलीला गुडघा लागला आणि ती शेणाच्या पेटीवर पालथी पडली. कुणीच उठलं नाही.

गलसाननं जवळ जाऊन तिच्या तोंडासमोर हात हलवला.

"दार लाव रे," ती म्हणाली. "वारा येतोय."

सोलोंगो खुदकन हसली. गलसानला रडू आलं, पण त्यानं शब्द फिरवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात घर उतरलं. शेळ्या एका नातलगाकडे गेल्या.

म्हातारीला ट्रकात पुढं सोलोंगोशेजारी बसवलं होतं. तिनं मला जवळ बोलावलं आणि अंगरख्याच्या आतून आपली चांदीची वाटी काढली.

"पुरेव, दोन वर्षं तू तोंड मिटून राहिलीस. तुझ्यासारख्या बाईला किती जड गेलं असेल ते! माझ्या सख्ख्या पोरापेक्षा तू बरी. ही घे."

वाटी तिनं दोन्ही हातांनी पुढं केली, मी उभी होते त्याच्या जरा बाजूला. सोलोंगो माझ्याकडे बघून हसत होती. मी एक पाऊल सरकले, दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि काही बोलले नाही.