यमाच्या सेक्रेटरी

आमच्या नाशिक रोडच्या विमा कार्यालयात माणूस गेल्यानंतरचे सगळे क्लेम आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंच्या टेबलावर जात, म्हणून मीच त्यांना 'यमाच्या सेक्रेटरी' म्हणू लागलो. बाईंना ते भारी आवडलं. चहा पिताना हळूच म्हणायच्या, 'तुझी फाईल वर निघाली की कळवते हं,' आणि माझा घोट घशात अडकायचा. गेल्या वर्षी त्यांची स्वतःची फाईल माझ्या टेबलावर आली.

मेल उघडण्याआधी त्या पाठवणाऱ्याचा पत्ता पडद्यावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचत. 'मेलमध्ये "आजच" लिहिलं असेल, तर तो उद्या उघडायचा,' हा त्यांचा नियम. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या नावाने अपघाताचे फसवे फोटो येत, वरिष्ठांच्या नावाने कोणी पासवर्ड मागे. बाई गालात हसून ते पुसून टाकत.

बाई असतानाच्या एका दुपारी मला मालेगावच्या जमीलभाईंचा मेल आला. 'माझ्या क्लेमचे कागद जोडले आहेत, लगेच पाहा.' मीही बोट ठेवून वाचलं. पत्ता अगदी बरोबर, आमच्या फाईलमधलाच. जोडलेला कागद मी उघडणार, तेवढ्यात मागून बाई शांतपणे म्हणाल्या, 'हे वारले ना रे?'

यंत्रमागवाले जमीलभाई वारले होते, म्हणून तर क्लेम होता. बाईंच्या हाताखाली दिवसभर गेलेल्यांचीच नावं वाचणारा मी; त्यांतल्या एकाने पत्र धाडलं, हे मला खटकलंच नाही. त्यांच्या मेलच्या खात्यात दुसरंच कोणी शिरलं होतं, आणि माझ्या संगणकात शेकडो घरांचे कागद होते. मी माउसवरचा हात काढून घेतला.

बाईंनी तडक जमीलभाईंच्या बायकोला, नसीमबींना फोन लावला. 'जमीलभाईंच्या नावाने मेल आला तर उघडू नका.'

'मेरे को भी आया है, बाई. सुबह से फोन हाथ में लेके बैठी हूँ. देखूँ तो, क्या लिखा है उन्होंने.'

'ते त्यांचं नाही हो. उघडाल तर बँकेतलं सगळं जाईल.'

'नाम तो उन्हीं का है.'

बाईंनी उठून कपाटातून जमीलभाईंचा जुना, हाताने भरलेला अर्ज काढला. 'त्यांनी लिहिलेलं माझ्याकडे आहे. ऐका. माझ्यानंतर रक्कम कोणाला द्यावी: नसीम. नातं: पत्नी.'



'और एक बार पढो,' मागांच्या खडखडाटातून नसीमबी म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा वाचलं. मग नसीमबींनी तो मेल पुसला.