मोठ्यानं वाचायचं अक्षर

विमलताई सहाव्या ओळीवर पुन्हा अडकल्या. विहारात बसलेली माणसं सतरंजीकडे पाहू लागली. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्यांच्या पुढ्यातल्या टॅबलेटवरचं अक्षर मी काढलेलं होतं.

मी अमरावतीला घरी बसून पुण्याच्या एका ई-बुक कंपनीसाठी फॉन्ट काढतो. आमच्या ॲपमधला फॉन्ट सेरिफ जातीचा. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना बारके पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. देवनागरीला असे पाय नसतात, पण बोरूनं लिहिल्यासारखी जाड-बारीक रेघ असली की आम्ही तेच नाव वापरतो. पडद्यावर लांबलचक पुस्तक वाचायला असं अक्षर बरं पडतं. निदान आमचा तसा समज होता.

अकोल्याहून तक्रार आली, वाचायला त्रास होतो. साहेबांनी पुण्यातून एका ओळीत निकाल लावला, "वय झालंय त्यांचं. साइज वाढवायला सांग." मला राहवलं नाही. रविवारी सकाळी अकोल्याची एसटी धरली आणि दुपारी विहारात येऊन बसलो.

तक्रार विमलताईंच्या मुलाची होती. ताई निवृत्त नर्स. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात दर रविवारी दुपारी ग्रंथवाचन होतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बावीस वर्षं ताईच वाचत आल्या होत्या. यंदा पुस्तकातली बारीक छपाई दिसेना, म्हणून मुलानं टॅबलेट आणून दिला.

वाचन कसंबसं संपलं. विहाराचे सचिव जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, आता दुसऱ्या कोणाले वाचू द्या ना. तुमालेही आराम होईन."

ताई नुसत्या चष्मा पुसत राहिल्या. मी पुढं होऊन जय भीम केला आणि फॉन्ट माझा आहे म्हणून कबूल केलं.

"तुमी काढलं हे?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून असं मरतुकडं काढलं बापा?"

चांगलंच लागलं. तरी नेटानं विचारलं, "साइज वाढवून पाहिली का?"

"पायली ना! मंग एका ओळीत तीनच शब्द. तोंड वाचून राहिलं अन् डोयाले पुढचं काईच दिसत नाई. मोठ्यानं वाचणाऱ्याचा डोया तोंडाच्या पुढं चालाले पायजे. वाक्य कुठी चाललं तेच समजलं नाई, तं आवाज कुठी चढवू?"

मी त्यांच्या जागेवर बसून पाहिलं. टॅबलेट चौरंगावर, वाचणारा दोन हात लांब, वरून खिडकीचा उजेड. आमचं टेस्टिंग मोबाइल हातात धरून, मनातल्या मनात वाचून झालेलं. कागदावर शाई किंचित पसरते आणि बारीक रेघेला सांभाळून घेते. पडद्याचा पांढरा उजेड तिलाच खातो. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ, रफाराची शेपटी, दोन हातांवरून मलाही धड दिसेना. माझे डोळे तर ठणठणीत.

म्हणजे अक्षर मोठं करून भागणार नव्हतं. बारीक रेघा भरायच्या, अक्षरांची पोटं मोकळी करायची, मग लहान साइजलाही दिसेल आणि ओळीत सात-आठ शब्द मावतील. पण जोडाक्षरं धरून आकार शेकड्यांनी. मी सचिवांकडं वेळ मागितला.

"दोन रविवार," ते म्हणाले. "मंग पाहू."

साहेब फोनवर उखडले. "एका युजरसाठी? डॅशबोर्डवर तिथं एकच टॅबलेट दिसतोय."

"टॅबलेट एक आहे सर. ऐकणारे पन्नास-साठ."

"रेघ जाड केलीस तर सगळं सौंदर्य जाईल."

"दिसतच नसेल तर काय चाटायचंय ते सौंदर्य?"

साहेब मग म्हणाले, "कर. पण तुझ्या वेळेत."

केलं. बायको म्हणाली, जोडाक्षरांशीच संसार करा आता. पहिल्या रविवारी नवा फॉन्ट पाठवला, तर ताईंचा फोन, "आता समदं कायंच कायं झालं!" जोशात रेघा काळ्याभोर होईस्तोवर भरल्या होत्या. जोडाक्षरांचे नुसते गोळे. पुन्हा बसलो, केसभर केसभर खरवडत गेलो.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा त्याच भिंतीला टेकलो. ताईंनी पहिलं पान जपून वाचलं. दुसऱ्या पानावर एका लांब वाक्यात त्यांचा आवाज बरोबर जागेवर चढला आणि सावकाश उतरला. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. प्रकरण संपेस्तोवर त्या एकदाही थांबल्या नाहीत.

सचिव उठले. माझ्याकडं पाहिलंही नाही. सगळ्यांना सांगितलं, "पुढच्या रविवारी याच टायमाले. वाचतील विमलताई."

तोच फॉन्ट आता आमच्या ॲपमध्ये सगळ्यांना जातो. टेस्टिंगच्या यादीत साहेबांनीच एक ओळ घातली: पडदा दोन हात लांब ठेवून, मोठ्यानं, चारचौघांत वाचा. पुण्याच्या ऑफिसात पोरं लाजतात. लाजू द्या.